व्हीआर, एआर, एमआर: काय घ्याल, किती मोजाल?

ऑनलाइन 'व्हीआर हेडसेट' शोधलात तर एकाच यादीत पाचशे रुपयांचं प्लॅस्टिकचं खोकंही येतं आणि लाखांच्या घरातलं यंत्रही. दोन्हींखालचं वर्णन जवळपास सारखंच: 'थ्रीडी', 'इमर्सिव्ह', 'रिअल अनुभव'. फरक कुठे आहे हे विक्रेता सांगणार नाही, कारण बऱ्याचदा त्यालाही ते माहीत नसतं.

म्हणून नावं बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. हे डोळ्यांवर लावल्यावर समोरची खोली दिसते का? मी दोन पावलं पुढे टाकली तर आतलं दृश्यही पुढे सरकतं का, की नुसती मान वळवली तरच बदलतं? आणि हे चालायला आणखी काय लागतं: फोन, प्लेस्टेशन, कॉम्प्युटर, की काहीच नाही? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर दुकान बदला.

खोली अजिबात दिसत नसेल तर ते व्हीआर. खोली दिसते आणि तिच्यावर बाण, अक्षरं, एखादी खुर्ची किंवा चष्म्याची फ्रेम उमटते, ते एआर. खोली दिसते, आतला चेंडू तुमच्या खऱ्या टेबलावर टप्पा खातो आणि सोफ्यामागे गेला की दिसेनासा होतो, ते एमआर. एक्सआर हे या तिन्ही भावंडांचं आडनाव आहे, चौथा प्रकार नव्हे. 'हे नुसतं व्हीआर नाही, एक्सआर आहे' असं सांगून कोणी जास्त पैसे मागितले, तर त्या पैशांत नेमकं जास्त काय मिळतं ते विचारा. राहिला ३६० अंशांचा व्हिडिओ. तो बहुतेक ठिकाणी व्हीआर म्हणून विकला जातो, पण त्यात कॅमेरा जिथे ठेवला होता तिथेच तुम्ही खिळलेले असता. मान फिरते, पाय चालत नाहीत.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कोणी विचारत नाही. खोक्यावर कोपऱ्यात '३डीओएफ' किंवा '६डीओएफ' लिहिलेलं असतं. पहिल्यात फक्त मानेची हालचाल टिपली जाते. दुसऱ्यात वाकणं, बसणं, चालणं, हात पुढे करणं, सगळं. किंमत वाढते ती मुख्यतः इथे, आणि चक्कर येते तीही बरेचदा इथेच: तुमचं अंग पुढे गेलं, चित्र मात्र जागेवर राहिलं, की पोटात ढवळतं. खोक्यावर काहीच लिहिलं नसेल तर ३डीओएफ समजा.

आधी फुकटातलं बघा

एआरसाठी बहुतेकांना काहीही विकत घ्यावं लागत नाही. अँड्रॉइड फोन असेल तर प्ले स्टोअरवर 'गुगल प्ले सर्व्हिसेस फॉर एआर' शोधा. ते तुमच्या फोनवर चालत असेल तर फोन एआरच्या कामाचा आहे. चालत नसेल तर दुकानदाराने कितीही ॲप्स सुचवली तरी व्यर्थ. आयफोनवाल्यांनी काळजी करू नये, गेल्या अनेक वर्षांतले सगळे चालतात. मग गुगल मॅप्समध्ये रस्त्यावरच बाण दाखवणारा 'लाइव्ह व्ह्यू' वापरून बघा, चष्मेविक्रेत्यांच्या ॲपवर फ्रेम चेहऱ्याला लावून बघा, फर्निचरच्या ॲपमधून कपाट तुमच्या खोलीत उभं करून बघा. खर्च शून्य. डेटा आणि बॅटरी मात्र भराभर उतरते.

सापळा इथेही आहे. भिंतीचा रंग बदलून दाखवणारी, घर सजवून देणारी, चेहरा बदलणारी काही ॲप्स 'तीन दिवस मोफत' म्हणतात आणि त्याच वेळी तुमच्याकडून ऑटो-पेची मंजुरी घेतात. चौथ्या दिवशी आठवड्याचे पैसे कापले जातात. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं नाही. प्ले स्टोअरमध्ये 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन ती बंद करा, आणि यूपीआय ॲपमधली ऑटो-पे मंजुरीही वेगळी रद्द करा.

फोन घालायचं खोकं

पाचशे ते दोन हजार रुपयांत जे मिळतं ते म्हणजे दोन भिंगं आणि फोन धरायची खाच. पडदा तुमचा, मेंदू तुमच्या फोनचा, विकत घेतलेलं फक्त प्लॅस्टिक. जिओने २०२३मध्ये आयपीएलच्या मोसमात आणलेला जिओडाइव्ह १,२९९ रुपयांचा होता, तो ४.७ ते ६.७ इंची फोनसाठी आणि जिओ नंबर असणाऱ्यांसाठी. या जातीचं काहीही घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. फोनमध्ये जायरोस्कोप आहे का? स्वस्त फोनमध्ये तो अनेकदा नसतो, आणि नसेल तर मान वळवूनही चित्र ढिम्म हलत नाही. फोनची लांबी-रुंदी खाचेत बसते का, तेही कव्हर काढून? तुमचा चष्मा आत मावतो का?

मर्यादा माहीत असतील तर मुलांना समुद्रतळाचा ३६० व्हिडिओ दाखवायला हे ठीक. पण यावर 'गेम' खेळायच्या आशेने घेऊ नका. गुगलने कार्डबोर्ड २०१४मध्ये आणला आणि २०२१मध्ये त्याची विक्री थांबवली. त्याचं डेड्रीम आणि सॅमसंगचं गिअर व्हीआर ही दोन्ही त्याआधीच गुंडाळली गेली होती. या खोक्यांसाठी नवीन काही बनवण्यात मोठ्या कंपन्यांना रस उरलेला नाही. सोबत 'फुकट' मिळणारा ब्लूटूथ रिमोट म्हणजे किमतीतच धरलेला रिमोट. तो नको असेल तर बिनरिमोटचा भाव विचारा.

स्वतःच्या पायावर उभे हेडसेट: खर्च इथे लपतो

फोन नको, कॉम्प्युटर नको, पडदा आणि प्रोसेसर आतच. घरगुती ग्राहकाने 'खरं' व्हीआर घ्यायचं ठरवलं तर बहुतेकदा गाडी इथे येते. यात मेटाच्या क्वेस्टचं नाव सगळ्यात जास्त ऐकाल. क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३मध्ये ४९९ डॉलरला आला, त्याचा स्वस्त भाऊ क्वेस्ट ३एस वर्षभराने २९९ डॉलरला. दोन्ही ६डीओएफ, दोन्हींत बाहेरच्या कॅमेऱ्यांतून खोली रंगीत दिसते, म्हणजे व्हीआर आणि एमआर दोन्ही एकाच यंत्रात. फरक भिंगांचा आणि पडद्याचा. ३मध्ये पातळ पॅनकेक भिंगं आहेत आणि पडदा बारीक कणांचा. ३एसमध्ये जुन्या पद्धतीची फ्रेनेल भिंगं, त्यामुळे कडेला चित्र धूसर होतं. डोळ्यांमधलं अंतर ३मध्ये चाक फिरवून हवं तसं जुळवता येतं, ३एसमध्ये फक्त तीन टप्प्यांत: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. तुमचं अंतर चष्म्याच्या नंबराच्या कागदावर 'पीडी' म्हणून लिहिलेलं असतं. नसेल तर चष्मेवाल्याकडून मोजून घ्या, मिनिटभराचं काम आहे. घरात नुसता खेळ आणि व्यायाम हवा असेल तर ३एस पुरे. वाचन, चित्रपट, कामाच्या खिडक्या, म्हणजे बारीक अक्षरं बघायची असतील तर ३.

आता खोक्याबाहेरचा खर्च.

सोबत येणारा पट्टा कापडी असतो. हेडसेट अर्धा किलोच्या वरचा. अर्ध्या तासात गालांवर वळ उठतात, मग चांगला पट्टा वेगळा घ्यावा लागतो. बॅटरी सव्वादोन-अडीच तास टिकते. जास्त हवी तर पट्ट्यातच बॅटरी असलेला प्रकार, तो आणखी महाग. दोन्ही कंट्रोलरमध्ये पेन्सिल सेल लागतात, म्हणून रिचार्ज होणारे चार सेल आणि चार्जर घ्या. चेहऱ्याला टेकणारं स्पंज आपल्या दमट हवेत घामाने लवकर वास मारतं, तेव्हा सिलिकॉनचं कव्हर घ्या. चष्मा असेल तर नंबराची भिंगं बसवून घ्या. नाहीतर फ्रेम आतल्या भिंगाला घासते आणि पडलेला ओरखडा दुरुस्त होत नाही. मेमरी कार्डाची खाच नाही, त्यामुळे साठवण नंतर वाढवता येत नाही. जी घ्यायची ती आधीच ठरवा.

मग गेम. बीट सेबर हा सगळ्यांना हवा असलेला खेळ तीस डॉलरच्या आसपास. डॉलर नव्वद रुपये धरला तर २,७०० रुपये. पण व्यवहार परकी चलनात झाला तर बँक साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत चलनबदल आकार लावते आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी एकशे दहाच्या घरात. एका गेमला किरकोळ वाटतं, दहा गेमला अकराशे. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्या आणि मर्यादा खाली ठेवा. मेटाची 'होरायझन प्लस' वर्गणी ७.९९ डॉलर महिना. त्यात खेळ मिळतात ते वर्गणी चालू असेपर्यंतच, आणि मोफत महिना संपला की ती आपोआप सुरू होते. नुसता कंटाळा आला तरी गेम परत करता येतो: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. हा नियम पाठ करून ठेवा, पैसे वाचवणारा आहे.

माझा हिशेब असा: खोक्याच्या किमतीवर निदान पाव हिस्सा आणखी धरा. तेवढी सोय नसेल तर खरेदी दोन-तीन महिने पुढे ढकला. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये प्रक्रिया शुल्क आणि करांचा भार अनेकदा तुमच्यावर येतो, शिवाय रोखीने घेतल्यावरची सवलत जाते. दोन्ही आकडे कागदावर मागा, मगच बोला.

पैशांइतकीच जागा महत्त्वाची. उभं राहून खेळायला साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जमीन लागते. वन बीएचकेच्या हॉलमध्ये टीपॉय बाहेर काढल्याशिवाय ती मिळत नाही. आणि वर बघा: छताचा पंखा. हात उंचावून मारायचे खेळ पंख्याखाली खेळू नका, पंखा बंद करा किंवा जागा बदला. मेटाच्या सीमारेषेची जाळी जमिनीवर आखता येते, ती पंख्याची सूचना देत नाही. हेडसेट खिडकीत किंवा गॅलरीत ठेवू नका. भिंगांतून ऊन पडद्यावर एकवटतं, पडदा काही मिनिटांत जळतो आणि हे नुकसान वॉरंटीत बसत नाही.

पहिल्या दिवशी तासभर तरी मोकळा ठेवा. फोनवर ॲप, मेटा खातं, वायफाय, मग अपडेट. वायफायशिवाय यंत्र सुरूच करता येत नाही. मुलाच्या वाढदिवशी खोकं फोडून लगेच खेळायला देऊ म्हणाल तर रडारड होईल. आदल्या रात्रीच सगळं लावून ठेवा.

तारेने बांधलेले

सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर२ भारतात डिसेंबर २०२३मध्ये ५७,९९९ रुपयांना आला. त्यात प्लेस्टेशन ५ धरलेला नाही, तो वेगळा. नंतर जगभर किंमत उतरली, त्यामुळे जुन्या भावाने घेऊ नका. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: पहिल्या प्लेस्टेशन व्हीआरच्या डिस्क यावर चालत नाहीत. 'जुने गेम चालतील' म्हणून कोणी जुन्या डिस्कांचा गठ्ठा गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. घरी प्लेस्टेशन ५ आधीच असेल आणि रेसिंगची हौस असेल तरच हा सौदा.

कॉम्प्युटरला जोडायचं म्हणाल तर गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड लागतं. ऑफिसचा लॅपटॉप चालणार नाही, विक्रेता काहीही म्हणो. क्वेस्ट असेल तर तार न घेता स्टीम लिंक हे मोफत ॲप वापरून वायफायवरून जोडा. राउटर ५ गिगाहर्ट्झचा आणि त्याच खोलीत हवा, कॉम्प्युटर राउटरला तारेने जोडलेला हवा.

महागडे, आणि ते कोणी घ्यावेत

ॲपल व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलरला निघाला. चित्र अप्रतिम, हे मान्य. पण वजन सहाशे ग्रॅमच्या वर, बॅटरी वेगळी खिशात ठेवायची आणि तीही साधारण दोन तास. नंबराची झाइस भिंगं आणखी १४९ डॉलर. चेहऱ्याचं मोजमाप फेस आयडी असलेल्या आयफोनने किंवा आयपॅडने घ्यावं लागतं, म्हणजे अमेरिकेतल्या भावाने स्वतःचा चेहरा मोजून आणलेलं यंत्र तुमच्या चेहऱ्याला नीट बसेलच असं नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर ऑक्टोबर २०२५मध्ये १,७९९ डॉलरला आला, तोही आधी अमेरिका आणि कोरियापुरता. वास्तुविशारद, सर्जन, ॲप बनवणारे, यांनी व्यवसायाचा खर्च म्हणून विचार करावा. घरी सिनेमा बघायला? त्या पैशांत मोठा टीव्ही येतो आणि चार माणसं एकत्र बघतात.

उद्योगांसाठी ठाण्यातली आज्नालेन्स कंपनी असे हेडसेट बनवते. कारखान्यातल्या प्रशिक्षणासाठी वेल्डिंग किंवा रंगकामाचा सराव हवा असेल तर परदेशी यंत्र मागवण्याआधी इथलं कोटेशन मागवा. सर्व्हिस इंजिनियर जवळचा असणं हेही किमतीतच मोजा.

चष्मा दिसतो म्हणून एआर नव्हे

सध्या सगळ्यात जास्त गफलत इथे होते. रे-बॅन मेटा चष्मे भारतात मे २०२५मध्ये २९,९०० रुपयांपासून आले. त्यांत कॅमेरा आहे, स्पीकर आहे, माइक आहे, बोलून प्रश्न विचारता येतात. काचेत मात्र काहीच दिसत नाही. ते स्मार्ट चष्मे आहेत, एआर नव्हेत. काचेत पडदा असलेला मेटाचा रे-बॅन डिस्प्ले सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेत ७९९ डॉलरला आला, तो वेगळा माल. नावं सारखी, म्हणून बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या. नंबराच्या काचांचा खर्च जाहिरातीतल्या किमतीत नसतो.

तिसरा प्रकार तारेचे पडदा-चष्मे, एक्सरीअलसारखे. ते फोनला जोडले की समोर मोठा पडदा तरंगतो. प्रवासात सिनेमा बघायला उत्तम. पण तुमच्या फोनच्या टाइप-सी खाचेतून चित्र बाहेर पडतं का, हे आधी बघा. मध्यम किमतीच्या असंख्य अँड्रॉइड फोनमध्ये ती खाच फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असते. तपासायची सोपी रीत: दुकानातल्या टाइप-सी ते एचडीएमआय तारेने फोन टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर चष्म्यातही येईल.

'दुबईहून आणलाय' आणि 'एकदाच वापरलाय'

आयातदारांनी आणलेले हेडसेट इथे सर्रास विकले जातात. ते बेकायदा असतीलच असं नाही, पण वॉरंटी बहुधा खरेदीच्या देशापुरती असते. दुकानदार 'आमची वॉरंटी' म्हणाला तर ती बिलावर, शिक्क्यासह, किती महिने आणि कशाकशाची, ते लिहून घ्या. जीएसटी नंबर असलेलं बिल, बिलावर अनुक्रमांक, आणि तोच अनुक्रमांक यंत्रावर. 'बिल नको तर दोन हजार कमी' हा सगळ्यात महाग पडणारा शॉर्टकट.

न्यू जर्सीतल्या नातेवाइकाकडून मागवताय? विमानतळावर सामानाच्या शुल्कमाफीची मर्यादा असते, त्यावरच्या किमतीवर शुल्क पडतं. प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो, म्हणून 'हेडसेटही कॉम्प्युटरच आहे' असं सांगू नका, ती सवलत त्याला लागू नाही. त्या दिवशीची मर्यादा आणि दर सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर बघा, खरेदीची पावती हातसामानात ठेवा. सुट्या बॅटऱ्याही हातसामानातच; चेक-इन बॅगेत चालत नाहीत. कुरिअरने मागवलंत तर शुल्काशिवाय कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार वेगळा लागतो, तो आधी विचारा.

जुना घेताना काय टाळायचं, ते आधी सांगतो. 'विंडोज मिक्स्ड रिॲलिटी'चे एचपी, एसर, लेनोवो, सॅमसंगचे जुने हेडसेट ऑनलाइन जाहिरातींत मोहात पाडणाऱ्या भावाला दिसतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून त्यांचा आधारच काढून घेतला. नवा कॉम्प्युटर असेल तर ते शोभेची वस्तू. होलोलेन्स २चं उत्पादनही २०२४मध्ये थांबलं. पहिला क्वेस्ट आणि ऑक्युलस गो घेऊ नका, नवी ॲप्स येत नाहीत. क्वेस्ट २ अजून चालतो, पण समोरची खोली काळी-पांढरी दिसते.

बाकी सौदा ठरला तर विक्रेत्यासमोरच हेडसेट फॅक्टरी रीसेट करायला लावा आणि तुमच्या खात्याने सुरू करून बघा. त्याचं खातं निघत नसेल तर तो माल चोरीचा असू शकतो. भिंगं उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा. दोन्ही कंट्रोलरच्या काड्या सोडून द्या, चित्र आपोआप सरकत असेल तर किंमत पाडा. मूळ बिल नसेल तर विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सहीचा कागद घ्या. पैसे यूपीआयने द्या, रोख नको.

तिकीट काढून बघायचं

विकत घेण्याआधी एकदा बाहेर वापरून बघा, हा सगळ्यात स्वस्त सल्ला. मॉलमधल्या पाच-दहा मिनिटांच्या खेळाला साधारण शंभर ते तीनशे रुपये पडतात. तिथे पैसे थेट घेत नाहीत, कार्ड भरायला लावतात. किमान रक्कम जास्त, उरलेले परत नाहीत, कार्डाचे वेगळे पैसे. आधी विचारा. डोळ्यांपुढचा स्पंज पुसून देत नसतील किंवा कागदी मास्क नसेल तर नको म्हणा, डोळे येण्याच्या साथीत तर नक्कीच. थंड हवेच्या ठिकाणी आणि जत्रांत '७डी', '९डी', '१२डी' अशा पाट्या असतात. तो आकडा खुर्ची हलणं, वारा, पाण्याचा शिडकावा यांची गोळाबेरीज आहे. चित्राचा दर्जा त्यावरून ठरत नाही, आणि आकडा वाढला म्हणून जास्त पैसे देऊ नका.

डोळ्यांवर काही चढवायचंच नसेल तर घुमटाकार पडदा बघा. वरळीचं नेहरू तारांगण १९७७पासून हेच करतंय, मराठीतही खेळ असतो, सोमवारी बंद.

लग्नसमारंभात 'होलोग्राम एंट्री'चं पॅकेज विकतात. बहुतेक वेळा ते तिरक्या पारदर्शक पडद्यावरचं प्रतिबिंब किंवा फिरत्या एलईडी पंख्यावरचं चित्र असतं. दिसायला छान, पण दिवे मालवावे लागतात आणि बाजूने बघणाऱ्यांना काही दिसत नाही. लॉनवरच्या संध्याकाळच्या मुहूर्ताला ते फिकं पडतं. प्रात्यक्षिक त्याच जागी, त्याच वेळी मागा. आगाऊ रक्कम त्यानंतर.

बिल्डरच्या ऑफिसात हेडसेट घालून 'तुमचा फ्लॅट' दाखवतात तेव्हा मात्र हातचं राखून बघा. आतल्या खोलीला आतलीच मापं. पलंग लहान करून ठेवला की खोली मोठी वाटते. जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि, ऑगस्ट २०२३पासून, क्यूआर कोड असणं बंधनकारक आहे. तो स्कॅन करून मंजूर नकाशा आणि चटईक्षेत्र तिथून बघा. त्या व्हीआरमध्ये दिसलेल्या कोणत्या गोष्टी करारात आहेत, ते लेखी मागा आणि दृश्याचं रेकॉर्डिंग मागून घ्या. रेरा कायद्याच्या कलम १२नुसार जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेच्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते. पुरावा हातात असला तरच.

लहान मुलं, चष्मा, चक्कर

मेटाची अट १० वर्षं पूर्ण, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्याने. सोनीची १२, ॲपलची १३. दुकानदार सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर चढवून दाखवत असेल तर थांबवा. अपस्मार, तीव्र अर्धशिशी, गर्भारपण, पेसमेकर यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पहिले काही दिवस बसून, दहा-पंधरा मिनिटं, भरल्या पोटी नाही. मळमळ सुरू झाली की 'सवय होईल' म्हणून ताणू नका, लगेच काढा. काढल्यावर लगेच स्कूटरला किल्ली लावू नका, तोल जागेवर यायला वेळ लागतो.

फसलात तर

ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याला आधी लिहा. ई-कॉमर्स नियम, २०२०प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही न सुटल्यास ई-जागृती पोर्टलवरून तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. सोबत लागेल ते: बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, वॉरंटीचा कागद, पैसे दिल्याचा पुरावा, विक्रेत्याशी झालेले संदेश आणि खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीवर तक्रारीचं शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.